एम्सचा कौल आणि परंपरावाद्यांचा पेच

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्यांची पहिली परीक्षा आयोवा राज्यातील एम्स येथे होत असे. १९७९ ते २०११ या काळात सहा वेळा झालेल्या या अनौपचारिक मतदानाला ‘स्ट्रॉ पोल’ म्हणत. उडत्या काडीवरून वाऱ्याची दिशा ओळखावी, तसा यातून पक्षातील कल जोखला जाई. मतदानासाठी तिकीट लागे. २०११ मध्ये ते ३० डॉलरचे होते. इच्छुक स्वतःच तिकिटे खरेदी करून समर्थकांना बसगाड्यांतून आणत.

धार्मिक परंपरावाद्यांना येथे आपले संघटित बळ दाखवता येई. १९८७ मध्ये धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी बाजी मारली. २०११ मध्ये मिशेल बाकमन ४,८२३ मतांसह पहिल्या आल्या, तर तिसरे आलेले टिम पॉलेंटी दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. मात्र जानेवारी २०१२ मधील आयोवा कॉकसमध्ये बाकमन सहाव्या क्रमांकावर फेकल्या गेल्या.

येथे जिंकून लगेचच्या निवडणुकीत अध्यक्ष झाले ते केवळ जॉर्ज डब्ल्यू. बुश. अखेर २०१५ मध्ये राज्य पक्षानेच ही प्रथा रद्द केली. विजेता ठरविण्यापेक्षा आपलेच उमेदवार अकाली बाद करणारा हा कौल परंपरावाद्यांनाही महागच पडला.