प्लास्टिकच्या वेष्टनातला मूळपुरुष

इंटेलचा २००४ सालचा ‘प्रेस्कॉट’ पिढीतला पेंटियम ४ आणि २०२०च्या आयफोन १२ मधला ए१४ शेजारीशेजारी मांडले, तर घड्याळाच्या वेगात जुनाच पुढे दिसतो. त्याची वरची मॉडेलं ३.६ गिगाहर्ट्झच्याही पुढे जात. ए१४ तीनच्या आसपास राहतो. पण जुन्यात साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, नव्यात ११८० कोटी. जुन्याच्या वरच्या मॉडेलांची ११५ वॉटची धग हटवायला धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा लागे. नवा पंख्याशिवाय खिशात राहतो. पेंटियम ४ एका ठोक्याला फार तर तीन सूक्ष्म-आज्ञा निकालात काढी, ए१४चा मोठा गाभा एका ठोक्याला आठ आज्ञा उलगडायला घेतो.

हे आकडे अनेकांना पाठ असतात. त्यावरून डेस्कटॉपचं घराणं वेगळं आणि मोबाइलचं वेगळं, असंही सगळे धरून चालतात. ते मला मुळीच मान्य नाही. वंशावळ मागे नेली की फोनच्या प्रोसेसरचा मूळपुरुष टेबलावरच्या संगणकात भेटतो, आणि त्याची काटकसर ज्या कारणातून आली त्या कारणाचा बॅटरीशी काडीचाही संबंध नव्हता.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं १९८१ साली बीबीसी मायक्रो हा शाळांसाठीचा संगणक काढला. १९८४च्या सुमारास भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्याकडच्या शाळांत गेला तो हाच. त्यात ६५०२ हा २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. पुढच्या यंत्रासाठी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बाजारातले सोळा बिटांचे प्रोसेसर तपासले. मेमरी जितक्या वेगानं माहिती पुरवू शकते तितक्या वेगानं ती उचलणारा त्यांत एकही निघेना. तेव्हा दोघांनी एआरएम हा स्वतःचाच प्रोसेसर आखला. २६ एप्रिल १९८५ रोजी त्याची पहिली चिप हाती आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. ट्रान्झिस्टर सुमारे २५ हजार. त्याच वर्षीच्या इंटेल ८०३८६ मध्ये पावणेतीन लाख होते.

आता वादाचा मुद्दा. एआरएमचं खरं कूळ कोणतं?

प्रचलित उत्तर आहे कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ. डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडलेला ‘रिस्क’ हा विचार, म्हणजे थोड्या आणि सोप्या आज्ञा. विल्सन-फर्बर यांनी ते निबंध वाचले होते आणि नावातही तो शब्द घेतला. तरीही हे कूळ मला अर्धंच पटतं. बर्कलीच्या आराखड्याची ओळख म्हणजे रजिस्टरांच्या सरकत्या खिडक्या. एआरएमनं त्या घेतल्याच नाहीत, एका वेळी १६ रजिस्टरं दिसतील एवढ्यावर भागवलं. उडी मारणाऱ्या आज्ञेचा परिणाम एक आज्ञा उशिरा होऊ देण्याची बर्कलीची युक्तीही सोडून दिली. उलट मेमरीतून ओळीनं पडलेले शब्द एकाच आज्ञेत भराभर उचलण्याची सोय ठेवली, आणि बाहेरच्या यंत्रानं हाक मारली की तत्काळ ओ देण्याची खास व्यवस्था केली. मेमरीचा पुरेपूर वापर आणि झटपट ओ देणं हे दोन्ही गुण विल्सन-फर्बरना ६५०२मध्ये आवडले होते. माझ्या लेखी आडनाव बर्कलीचं, पण रक्त ६५०२चं.

आणखी एक पुरावा आहे. १९८३मध्ये दोघं ॲरिझोनात ६५०२च्या घडणीत हात असलेल्या बिल मेन्श यांच्याकडे गेले. तिथे एका बंगलीत मोजकी माणसं साध्या साधनांनी प्रोसेसर आखताना दिसली. एवढ्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल, हा धीर त्यांना तिथे मिळाला. ६५०२नं एआरएमला गुण दिले, जन्माला यायची हिंमतही दिली.

पण काटकसर? ‘रिस्कमुळे’ असं सांगतात. मग डेक कंपनीचा अल्फाही रिस्कच होता, आणि १९९२ सालचा अल्फा २१०६४ दोनशे मेगाहर्ट्झला ३० वॉट ओढत होता. आज्ञा सोप्या ठेवल्या म्हणून वीज आपोआप वाचत नाही. दुसरं उत्तर ॲपलच्या न्यूटनचं, हातात धरायच्या यंत्रासाठी चिप मितव्ययी केली असं सांगणारं. त्याचा काळच जुळत नाही. ॲपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएम कंपनी काढली नोव्हेंबर १९९० मध्ये; न्यूटन बाजारात आलं १९९३ मध्ये. चिप त्याआधीच काटकसरी होती, म्हणून तर ॲपलनं तिला मागणी घातली.

माझं उत्तर आहे वेष्टन. एकॉर्नला स्वस्त संगणक विकायचा होता. सिरॅमिकचं वेष्टन महाग, प्लास्टिकचं स्वस्त. पण प्लास्टिकला साधारण एका वॉटपलीकडची उष्णता सोसवत नाही. नेमका वीजवापर आधी सांगणारी साधनं तेव्हा त्यांच्याकडे नव्हती, म्हणून फर्बर यांनी प्रत्येक पायरीला हात राखून हिशेब केला. मुरलेली गृहिणी आमटीत मीठ घालताना करते तसा. शेवटी खर्च निघाला एका वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. फर्बर सांगतात, वीज मोजायला गेलं तर मीटर शून्य दाखवत होता; पुरवठ्याची तार जोडलेलीच नव्हती, आणि चिप इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच चालली होती. एवढी काटकसर ठरवून आणलेली नव्हती याचा याहून सबळ दाखला मला माहीत नाही. १९८७ साली हे कूळ आर्किमिडीज या टेबलावरच्या संगणकात नांदायला गेलं.

इंटेलच्या घरी नेमका उलटा प्रवास झाला. पेंटियम ४च्या धगीपुढे तिनं हात टेकले, पुढचा ‘तेहास’ २००४ मध्ये रद्द केला. २००६चा कोअर २ ड्युओ उतरला तो इंटेलच्याच हैफा इथल्या चमूनं लॅपटॉपसाठी केलेल्या पेंटियम एमच्या वंशातून, आणि त्याच्याही मागे १९९५चा पेंटियम प्रो. म्हणजे पेंटियम ४ ही शाखा त्या घराण्यात निपुत्रिक गेली.

आता एक दुवा, ज्यावर माझा जीव जडला आहे. तो आगजाळ अल्फा घडवणाऱ्या डॅन डॉबरपुल यांनीच डेकमध्ये एआरएमच्या आज्ञा पाळणाऱ्या स्ट्राँगआर्मची धुरा घेतली. १९९६ची ती चिप १६० मेगाहर्ट्झला अर्ध्या वॉटच्या आत राही. एकॉर्नच्या टेबलावरच्या रिस्क पीसीत ती बसली आणि न्यूटनच्या पुढच्या आवृत्तीतही. एकाच चिपनं टेबल आणि तळहात दोन्ही सांभाळले. पुढे हे कूळ इंटेलकडे दत्तक गेलं, तिथे एक्सस्केल झालं, आणि २००६ मध्ये इंटेलनं ते मार्वेलला विकून टाकलं. पुढच्याच वर्षी आयफोन आला, पोटात एआरएम घेऊन.

डॉबरपुल यांनी २००३ मध्ये पी. ए. सेमी ही कंपनी काढली, तिला ॲपलनं २००८ मध्ये विकत घेतलं. २०१२च्या ए६ पासून ॲपलचे गाभे घरचे आहेत. एआरएमकडून येते ती आज्ञांची भाषा. डॉबरपुल स्वतः ॲपलमध्ये रमले नाहीत आणि पी. ए. सेमीची चिप पॉवरपीसी वंशाची होती, म्हणून हा धागा ओढूनताणून जोडलेला आहे असं कोणी म्हणेल. माझं मत तरीही पक्कं आहे. ए१४च्या रुंद गाभ्यात आज्ञांची भाषा केंब्रिजची असली, तरी एका ठोक्यात जास्तीत जास्त काम उरकण्याची ती हाव अल्फाच्या कारागिरांची आहे. आणि अल्फा तर डेकनं टेबलावरच्या वर्कस्टेशनसाठी आणि सर्व्हरसाठीच बनवला होता.