डेरेकची फाशी

गोळी एकानं झाडली आणि फाशी दुसऱ्याला झाली. ऐकणाऱ्याला वाटतं, पोलिसांनी भलताच माणूस धरला असेल. तसं नव्हतं. सगळं कायद्याप्रमाणे झालं होतं, म्हणून तर ही हकीकत सांगावीशी वाटते.

लंडनजवळ क्रॉयडनला, २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री दोन पोरं चोरीसाठी एका गोदामाच्या छपरावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग १६ वर्षांचा, त्याच्याकडे पिस्तूल. डेरेक बेंटली १९ वर्षांचा. पोलिसांनी डेरेकला पकडलं. त्यानंतर काही मिनिटांनी क्रेगच्या गोळीनं सिडनी माइल्स नावाचा शिपाई मेला.

डेरेकला लहानपणापासून फेफरं यायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, बुद्धी अकरा वर्षांच्या मुलाएवढी. सैन्यानंही त्याला मंदबुद्धी म्हणून नाकारलं होतं. पण तुरुंगाच्या डॉक्टरांच्या मते तो वेडा नव्हता, खटला चालवायला योग्य होता. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात दोनच कप्पे होते, वेडा नाहीतर शहाणा. मधल्याला जागा नव्हती.

पोलीस म्हणाले, ‘दे त्याला, ख्रिस’ असं डेरेक ओरडला. दोघांनीही ते नाकारलं. आणि म्हटलं असलंच, तर पिस्तूल देऊन टाक म्हणून, की हाण म्हणून? आपल्या मराठीतसुद्धा ‘दे’चे हे दोन्ही अर्थ होतातच की!

आपण कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींना दोष मानतो. म्हणजे साथीदार सुटावा असं मीही म्हणणार नाही. पण अनुमोदन द्यायला आधी उमजावं लागतं ना?

ज्यूरीनं दोषी ठरवलं, पण दयेची शिफारस केली. खुनाला फाशीच ठरलेली, न्यायाधीश गोडार्ड यांना दुसरी शिक्षा देता येत नव्हती. क्रेग १८ च्या आतला, त्याला फाशी नाही. तो दहा वर्षांनी सुटला. सुमारे २०० खासदारांनी दया मागितली, तरी गृहमंत्री बधले नाहीत. आदल्या दिवशी डेरेकनं घरच्यांना पत्र सांगितलं, ते तुरुंगातल्या शिपायानं लिहून घेतलं. २८ जानेवारी १९५३ ला त्याला फाशी दिली.

१९५७ च्या कायद्यानं तो मधला कप्पा केला. मन इतकं अधू असेल की जबाबदारी बरीच कमी होते, तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो. प्रत्यक्ष मारणाऱ्याबरोबर साथीदाराचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

डेरेकची बहीण आयरिस मात्र थांबली नाही. चाळीस वर्षं अर्ज, भेटी, सभा. १९९३ मध्ये फक्त शिक्षेपुरती माफी मिळाली, दोष तसाच राहिला. आईवडील तोवर गेले होते. १९९७ मध्ये आयरिसही कॅन्सरनं गेली. ३० जुलै १९९८ ला अपील कोर्टानं मूळ खटला न्याय्य झाला नव्हता म्हणून दोषसिद्धी रद्द केली. त्या दिवशी निकाल ऐकायला आयरिसची मुलगी होती.