यूलेझ शुल्कातून सूट, लंडन

लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या वाहनांवर रोज शुल्क आकारले जाते. त्या शुल्कातून काही वाहनांना व व्यक्तींना मिळणारी मोकळीक आणि ती मिळवण्याची अर्जपद्धती हा या नोंदीचा विषय. शुल्कक्षेत्राचे अधिकृत नाव ‘अल्ट्रा लो एमिशन झोन’ असे आहे. आद्याक्षरे जोडून लोक त्याला ‘यूलेझ’ म्हणतात. निकषात न बसणाऱ्या मोटारीला, मोटरसायकलीला किंवा साडेतीन टनांपर्यंतच्या व्हॅनला दिवसाला १२.५० पौंड पडतात. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो. वर्षात फक्त नाताळचा दिवस, २५ डिसेंबर, शुल्कातून मोकळा असतो. गाडी दारात नुसती उभी असली तर काही द्यावे लागत नाही, पण थोडी जरी चालवली तरी त्या दिवसाचे पूर्ण शुल्क लागते. वाटेत टोलनाका नसतो, पावतीही मिळत नाही. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि पैसे भरण्याची आठवण ठेवणे हे चालकाचे काम असते.

या क्षेत्राची कल्पना महापौर बोरिस जॉन्सन यांच्या काळात पुढे आली. प्रत्यक्ष अंमल पुढचे महापौर सादिक खान यांनी ८ एप्रिल २०१९ पासून, फक्त मध्य लंडनमध्ये, सुरू केला. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी हद्द नॉर्थ सर्क्युलर व साउथ सर्क्युलर या वळसा घालणाऱ्या रस्त्यांपर्यंत गेली आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी सगळे लंडन तिच्यात आले. या शेवटच्या विस्ताराला बेक्सली, ब्रॉम्ली, हॅरो, हिलिंग्डन आणि सरे या पाच स्थानिक परिषदांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले. २८ जुलै २०२३ रोजी ते फेटाळले गेले. त्याच महिन्यातील पश्चिम लंडनमधल्या अक्सब्रिजची संसदीय पोटनिवडणूक याच वादाभोवती फिरली आणि ४९५ मतांनी निकाली निघाली. काही उपनगरांत कॅमेरे तोडण्याचे प्रकारही झाले.

सूट का मोजूनमापून दिली जाते, हे शुल्कामागचे कारण पाहिल्याशिवाय समजत नाही. आग्नेय लंडनमधील लुईशम भागात, साउथ सर्क्युलरच्या जवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने दगावली. तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार लागला होता, असा निर्वाळा मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी, म्हणजे कॉरोनर, फिलिप बार्लो यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिला. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात प्रदूषणाची अशी नोंद होण्याची ही पहिलीच वेळ होती. सूट मिळालेली जुनी डिझेल गाडी शुल्क न भरता तोच धूर सोडत राहते. म्हणून ज्याला दुसरा मार्गच नाही त्यालाच सूट मिळावी, हे तत्त्व रास्त आहे. अडचण अशी की गरज कोणाची खरी, हे कार्यालय कागदावरून ठरवते आणि नेमका कोणता कागद लागतो हे पुष्कळ गरजूंना ठाऊक नसते.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासावी. आपल्याला सुटीची गरज आहे का? पेट्रोल गाडीला युरो ४, डिझेल गाडीला युरो ६ आणि मोटरसायकलीला युरो ३ हे उत्सर्जनाचे मानक लागते. ढोबळमानाने २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या आणि सप्टेंबर २०१५ नंतरच्या डिझेल गाड्या त्यात बसतात. (भारतात युरो ६ च्या तोडीचे बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून सक्तीचे झाले.) शुल्काची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’, म्हणजे टीएफएल, या संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की ती निकषात बसते की नाही ते कळते. हे उत्तर बव्हंशी नोंदणीच्या तारखेवरून काढलेले असते आणि ते चुकू शकते. २००१ पासूनच्या काही पेट्रोल गाड्यांची इंजिने युरो ४ सक्तीचे होण्याच्या बरेच आधी त्या मानकाची होती. परदेशातून आणलेल्या गाड्यांच्या सरकारी नोंदीत उत्सर्जनाचा रकाना पुष्कळदा रिकामाच राहिलेला असतो. अशा मालकाला सुटीची गरज नसते, नोंद दुरुस्त करून घ्यायची असते.

ही दुरुस्ती लॉगबुकवरून होते. लॉगबुक म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासारखी नोंदणीची कागदपत्रे. तिकडे त्यांना व्ही-५-सी म्हणतात. त्यात धुराच्या तपशिलांचा एक छोटा चौकोन असतो आणि त्यात ‘व्ही.३’ असा रकाना असतो. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण तिथे ग्रॅम प्रति किलोमीटरमध्ये लिहिलेले असते. मोटारीसाठी तिथला आकडा ०.०८ किंवा त्याहून कमी असला पाहिजे. युरो ४ पेट्रोल आणि युरो ६ डिझेल या दोन्ही मानकांत ही मर्यादा सारखीच आहे, त्यामुळे एकच आकडा लक्षात ठेवला तरी भागते. आकडा बसत असून संकेतस्थळ ‘शुल्क लागेल’ म्हणत असेल, तर लॉगबुकची प्रत टीएफएलकडे पाठवून गाडीची नोंद बदलून घेता येते. रकाना रिकामा असल्यास गाडीच्या उत्पादकाकडून प्रमाणपत्र मागवावे लागते. वार्षिक तपासणीचा, म्हणजे एमओटीचा, निकाल मात्र इथे चालत नाही, कारण त्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. ‘गाडीची निगा उत्तम राखली आहे, धूर दिसतसुद्धा नाही’ हे म्हणणे खरे असले तरी त्याने काही साधत नाही.

मराठीत सगळ्यालाच आपण ‘सूट’ म्हणतो. यूलेझच्या कारभारात मात्र तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली कायमची माफी, दुसरी शंभर टक्के सवलत आणि तिसरी ठराविक तारखेपर्यंतची मुदत. माफी बहुधा गाडीच्या प्रकाराला मिळते आणि आपोआप लागू होते. सवलत व मुदत यांसाठी पुष्कळदा स्वतः नोंदणी करावी लागते. सर्वांत जास्त माणसांशी संबंध येतो तो तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना दिलेल्या मुदतीचा.

ही मुदत २४ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे आणि ती मिळण्याच्या वाटा अनेक आहेत. ब्रिटनमध्ये प्रत्येक वाहन एका कर-वर्गात नोंदलेले असते. ते ‘दिव्यांग’ किंवा ‘दिव्यांग प्रवासी वाहन’ या वर्गात असेल, तर मुदत आपोआप लागू होते आणि अर्जाची गरज राहत नाही. दुसरी वाट भत्त्याची आहे. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या भत्त्याचा हिंडण्याफिरण्यासाठीचा भाग, ज्याला तिकडे ‘मोबिलिटी’ म्हणतात, ज्याला मिळतो त्याला एका गाडीची नोंदणी करून मुदत घेता येते. या भागाचे वरचा आणि साधा असे दोन दर आहेत आणि दोन्ही चालतात. जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा वरच्या दराचा मोबिलिटी भाग आणि युद्धात अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांचा प्रवासपूरक भत्ता हेही ग्राह्य आहेत. स्वतः गाडी न चालवणाऱ्या व्यक्तीला आपल्याला नेणाऱ्या-आणणाऱ्याची गाडी नोंदवता येते, त्यामुळे आईला दवाखान्यात नेणाऱ्या मुलाची गाडीही या सोयीत बसू शकते. चाकाची खुर्ची आत घेता येईल अशी रचना केलेल्या वाहनांनाही याच तारखेपर्यंत मुदत आहे.

अर्जासाठी भत्ता मंजूर झाल्याचे पत्र आणि गाडीचे लॉगबुक हे दोन मुख्य कागद लागतात. पत्राची प्रत काढताना मोबिलिटी भाग व त्याचा दर ज्या पानावर आहे ते पान सुटू देऊ नये. नुसते पहिले पान पाठवून पुरावा पूर्ण होत नाही. नोंदणी पक्की झाल्याचे कळेपर्यंत शुल्क भरत राहणे शहाणपणाचे. अर्ज टाकला म्हणून त्या दिवसापासून मोकळीक मिळाली असे धरून गाडी बाहेर काढणाऱ्याच्या हाती दंडाची नोटीस पडू शकते.

सर्वांत मोठा गोंधळ ब्लू बॅजचा आहे. दिव्यांगांच्या गाडीत काचेजवळ ठेवायचे हे निळे ओळखपत्र मुख्यतः पार्किंगच्या सोयीसाठी असते. मध्य लंडनमध्ये गर्दीसाठी आकारल्या जाणाऱ्या वेगळ्या शुल्कात, म्हणजे कंजेशन चार्जमध्ये, नोंदणी केल्यावर ब्लू बॅजधारकाला पूर्ण सवलत मिळते. यूलेझमध्ये मात्र केवळ ब्लू बॅज असल्याने सूट मिळत नाही. एकच संस्था, एकाच रस्त्यावर, एकाच गाडीकडून दोन शुल्के घेते. त्यातल्या एकाला हे ओळखपत्र चालते आणि दुसऱ्याला चालत नाही. वर्षानुवर्षे बॅज बाळगणाऱ्या वृद्ध माणसाने हा भेद आपला आपण ओळखावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. कॅमेरा जितक्या अचूकपणे नंबर वाचतो, तितक्या स्पष्टपणे हा फरक बॅज देतानाच सांगितला गेला पाहिजे.

रुग्णांसाठीची तरतूद आणखी वेगळी आहे आणि ती सूट नव्हे, परतफेड आहे. प्रकृतीमुळे बस-रेल्वेने येणे शक्य नाही असे ज्यांच्याबाबत डॉक्टरांनी ठरवले आहे, उदाहरणार्थ प्रतिकारशक्ती खालावलेले किंवा वारंवार उपचारांसाठी यावे लागणारे रुग्ण, त्यांनी आधी शुल्क भरायचे आणि नंतर उपचार करणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, रुग्णालयाकडे अर्ज करून पैसे परत मागायचे. रुग्णालय पैसे देते आणि ते पुढे टीएफएलकडून वसूल करते. म्हणून हा अर्ज टीएफएलकडे न पाठवता रुग्णालयातच द्यावा लागतो, आणि भरलेल्या शुल्काची पावती व भेटीच्या तारखेचे पत्र जपून ठेवावे लागते. केमोथेरपीला येणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत कोणी एवढे सांगितले, तर पुढची कितीतरी धावपळ वाचते.

जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची सूट सरकत्या चाळीस वर्षांवर चालते. गाडी चाळीस वर्षांची झाली एवढ्याने भागत नाही, तिचा कर-वर्ग ‘ऐतिहासिक’ असा बदलून घ्यावा लागतो. १ जानेवारी १९८५ पूर्वी बनलेल्या गाडीला तो १ एप्रिल २०२५ पासून घेता आला. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीला ही सूट नाही, मात्र १ जानेवारी १९७३ पूर्वीचे वाहन व्यवसायात असले तरी मोकळे आहे. लष्करी वाहने, शेतीची विशिष्ट यंत्रे, रस्त्यावरून जाण्यास परवानगी असलेली खोदाईयंत्रे आणि परवानाधारक काळ्या टॅक्सी यांनाही शुल्क नाही. जत्रेतले पाळणे-खेळ घेऊन फिरणाऱ्यांच्या वाहनांना नोंदणीनंतर पूर्ण सवलत मिळते.

ज्यांना सूट नाही, त्यांची यादीही लक्षात घ्यावी. हद्दीत राहणे, कमी उत्पन्न, वय किंवा रात्रपाळी यांपैकी कशानेही सूट मिळत नाही. रात्रपाळीवाल्याचे हाल अधिक होतात: संध्याकाळी कामावर जाताना एक शुल्क आणि मध्यरात्रीनंतर परतताना दुसरे. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी जुनी गाडी मोडीत काढण्याचे अनुदान होते. मोटारीला २,००० पौंड मिळत, आणि २१ ऑगस्ट २०२३ पासून ते सर्व लंडनकरांना खुले झाले. ती योजना ७ सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली.

लंडन परिसरातील मराठी कुटुंबांना या हद्दीची ओळख दोन ठिकाणी झाली. डॉलिस हिल येथील महाराष्ट्र मंडळ (स्थापना १९३२) नॉर्थ सर्क्युलरच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून २०२१ नंतर हॅरो-वेम्बलीहून जुन्या डिझेल गाडीने गणपतीला येणाऱ्याला शुल्क लागू लागले. २०२३ मध्ये हीथ्रो विमानतळही हद्दीत आला. स्लाउ किंवा रेडिंगहून आई-बाबांना घ्यायला निघालेली गाडी रात्री साडेअकराला आत शिरली आणि सामान येईपर्यंत साडेबाराला बाहेर पडली, तर दोन दिवसांचे मिळून २५ पौंड होतात. आईला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणले तरी त्यात फरक पडत नाही. भत्त्याची वाट ब्रिटिश भत्त्यावर आधारलेली आहे आणि पाहुणे म्हणून आलेल्यांना तो मिळत नाही. भारतातले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही.

प्रवासाच्या दिवसानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत शुल्क भरता येते. ते राहिले तर १८० पौंडांची दंडाची नोटीस घरी येते. १४ दिवसांत भरल्यास ९० पौंडांवर भागते आणि दुर्लक्ष केल्यास रक्कम २७० पर्यंत चढते. सूट असूनही नोटीस आली, तर २८ दिवसांत टीएफएलकडे लेखी हरकत घेता येते. ती फेटाळली गेल्यास ‘लंडन ट्रिब्युनल्स’ येथील स्वतंत्र न्यायनिर्णायकाकडे अपील करता येते आणि त्यासाठी फी नाही. अशा अपिलात सूट मंजूर झाल्याच्या पत्रावरची तारीख आणि त्यावरचा गाडीचा नंबर या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. भत्त्यावरून मिळालेली मुदत नोंदवलेल्या नंबराला लागू असते, म्हणून गाडी बदलली की नव्या नंबराची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते.