बीड जिल्ह्यातील मोटार वाहतूक व कार्यशाळा

बीड जिल्ह्यातील मोटार वाहतूक हा मराठवाड्याच्या दळणवळणाच्या इतिहासातील महत्त्वाचा विषय आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी मार्गे सिकंदराबादकडे जाणारा निजामकालीन लोहमार्ग बीड शहराला वगळून गेला. जिल्ह्याच्या पूर्व टोकास परळी वैजनाथ येथे रेल्वे आली, परंतु जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बीडला पहिल्या प्रवासी गाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावे लागले. तोवर शहराची सारी भिस्त मोटारीवर आणि ती चालू ठेवणाऱ्या कारागिरांवर होती.

निजाम राजवट

हैदराबाद संस्थानात सरकारी बससेवा जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सुरू झाली. ती निजाम स्टेट रेल्वेचाच एक विभाग होती. रेल्वेशिवाय राहिलेल्या बीडसारख्या शहरांचा संस्थानातील मोटार-सेवेशी संबंध आला तो असा रेल्वेखात्यामार्फत, हा योगायोग लक्षणीय आहे. शेजारच्या अहमदनगरहून पुण्याला १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा बीड अद्याप निजामाच्या अमलाखाली होते. १ नोव्हेंबर १९५१ रोजी हैदराबादचे बसखाते रेल्वेपासून वेगळे झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्याचा मराठवाड्यातील भाग मुंबई राज्याकडे आला व पुढे राज्य परिवहन महामंडळात विलीन झाला.

एस.टी.च्या कार्यशाळा

महामंडळात गाडीची निगा तीन पातळ्यांवर राखली जाते. रोजची तपासणी व किरकोळ दुरुस्ती आगारात, मोठी कामे विभागीय कार्यशाळेत, आणि चासीवर बसबांधणी व गाड्यांची पुनर्बांधणी मध्यवर्ती कार्यशाळेत होते. दापोडी, हिंगणा व चिकलठाणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी मराठवाड्यात चिकलठाणा ही एकच आहे. बीड विभागात बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, आष्टी, पाटोदा व धारूर ही आगारे आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेतील मांजरसुंबा घाटासारख्या चढउतारांमुळे ब्रेक व क्लचची झीज सपाट रस्त्यापेक्षा अधिक होते. आगारातील यांत्रिकाची परीक्षा तेथेच असते.

ऊसतोडीची वाहने

खासगी गॅरेजांचे काम जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामाशी जोडलेले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ट्रक व ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याआधी पाटे, टायर, ट्रॉलीचे जोड, इंजिन यांची डागडुजी उरकावी लागते. टोळीची मजुरी टनावर ठरते व बहुतेकांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. फडात वाहन बंद पडले की वाहतूक अडते, तोडीलाही खीळ बसते; उचल मात्र तशीच अंगावर राहते. म्हणून मेस्त्रीच्या हातावर केवळ वाहनमालकाचा नफा नव्हे, तर कित्येक बिऱ्हाडांचा हिशेब अवलंबून असतो.

नोंदणी

जिल्ह्यातील वाहनांना एमएच-२३ (बीड) आणि एमएच-४४ (अंबाजोगाई) हे दोन नोंदणी क्रमांक मिळतात. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग बीडवरून जातो.