हारफँग : मेजवानीला एक दिवस

सी. एस. लुइस यांच्या 1953 सालच्या ‘द सिल्व्हर चेअर’मध्ये कुणाकडे घड्याळ नाही, म्हणून हा घटनाक्रम प्रहरांच्या हिशोबाने. प्रवासी तीन: जिल आणि युस्टेस ही शाळकरी मुलं, आणि वाटाड्या पडलग्लम, दलदलीत राहणारा, वाईटच होणार हे धरून चालणारा. नार्नियाचा हरवलेला राजपुत्र शोधायचाय, उत्तरेच्या राक्षसांच्या डोंगराळ मुलखातून. अस्लान या सिंहाने जिलकडून चार खुणा पाठ करून घेतल्या आहेत.

काही दिवस आधी, पुलापाशी
हिरव्या झग्यातली बाई भेटते. बरोबर काळ्या चिलखतातला स्वार, चकार शब्द न काढणारा. बाई सांगते, हारफँगच्या गढीत सज्जन राक्षस राहतात. तिथे गरम पाणी, मऊ गाद्या, भाजलेलं मांस. फक्त निरोप द्या, शरदातल्या मेजवानीसाठी आम्हाला धाडलंय म्हणून. माझ्या मते अनर्थ इथेच घडला, पुढचं नुसतं वेळापत्रक. मुलांना आंघोळीखेरीज काही सुचेना आणि जिलची उजळणी सुटली. (तो मुका स्वारच राजपुत्र, हे कुणाच्या गावीही नाही.)

संध्याकाळ
बर्फाचं वादळ. जिल एका खोल चरात पडते. चर वळतो आणि पुढे बंद होतो. पडलग्लम खुणांचा विषय काढतो, ती वैतागून त्याला उडवून लावते. गढीचे दिवे दिसू लागलेत ना!

रात्र
मुलं इमानेइतबारे निरोप देतात. राजाराणी एकमेकांकडे बघून हसतात. ते हसू जिलला खटकतं, पण आंघोळीची सोय झालेली असते. पडलग्लमला दरवानाने पाजलीय.

सकाळ
रात्रीच्या पावसाने बर्फ वाहून गेलंय. खिडकीखाली उद्ध्वस्त नगर, आणि फरसबंदीत कोरलेली अजस्र अक्षरं: ‘माझ्याखाली’. कालचा चर त्यातल्याच एका अक्षराचा. दुसरी आणि तिसरी खूण तुडवून ही मंडळी पाहुणचाराला आली होती.

दुपार
दरबार शिकारीला गेलाय. जेवताना कळतं की ताटातलं हरीण बोलणारं होतं. जिल या जगात नवखी, तिला नुसतं वाईट वाटतं. युस्टेसचे इथल्या बोलक्या प्राण्यांत मित्र आहेत, त्याला हा खून वाटतो. पडलग्लम तर इथलाच. तान्हं मूल खाल्ल्यावर आपलं होईल, तसं त्याचं होतं. पुस्तकातला सगळ्यात भयंकर क्षण हाच, पुढचा पाठलागसुद्धा त्यापुढे फिका.

जेवणानंतर
आचारीण घोरतेय. तिच्या पाककृतींच्या पुस्तकात जिलला ‘माणूस’ सापडतो: मेजवानीचा पारंपरिक पदार्थ, मासे आणि मटणाच्या मध्ये वाढायचा. पडलग्लमच्या जातीचीही कृती आहे. चिखलाची चव कशी कमी करावी, तेही दिलंय. मेजवानी उद्यावर.

उतरत्या दुपारी
मोरीच्या दाराने तिघं बाहेर पडतात. नेमकी शिकारी टोळी परतते, कुत्री सुटतात. एका पायरीखालच्या फटीत घुसून ते आतून दगड लावतात. पाय घसरतात, आणि अंधारात गडगडत तिघं नगराच्या पोटात जातात. तिसऱ्या खुणेने जायला सांगितलं होतं, ते इथेच.

दुसऱ्या दिवशी राजाच्या पंगतीत मासे आणि मटणाच्या मध्ये काय वाढलं, ते लुइस सांगत नाहीत.