मुलांसाठीचा हिरवा लॅपटॉप: ट्युनिसपासून खैराटपर्यंत
#थ्रेड

नोव्हेंबर 2005. ट्युनिस येथील माहिती-समाजविषयक जागतिक परिषदेत निकोलस निग्रोपाँटे यांनी एक हिरवट यंत्र व्यासपीठावर मांडले. शेजारी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अनान. यंत्राच्या कडेला पिवळे हँडल होते. ते फिरवले की वीज निर्माण होणार, अशी कल्पना. अनान यांनी ते फिरवायला घेतले आणि ते हातातच निखळले, अशी हकिकत सांगतात.

'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जगाने प्रथम पाहिला तो असा. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राला हँडल नव्हते आणि किंमतही शंभर डॉलर नव्हती. ती दोनशेच्या आसपास गेली.

तरीही 2007 च्या अखेरीस आलेला 'एक्सओ' हातात घेणारा माणूस चकित होत असे. सुमारे दीड किलो वजन, पांढरे-हिरवे प्लास्टिक, वर उचलायची मूठ आणि सशासारखे दोन कान. हे कान म्हणजे बिनतारी जाळ्याचे अँटेना. ते उभे केल्याशिवाय झाकण उघडत नसे, आणि नेमके इथेच प्रौढ मंडळी अडखळत! कळफलक रबरी, सलग आणि इतका लहान, की मोठ्या माणसाची बोटे त्यावर मावत नसत. धूळ व पाणी आत शिरू नये म्हणून ही योजना होती.

खरा चमत्कार पडद्यात होता. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला साडेसात इंची पडदा भर उन्हात काळ्या-पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ वाचता येई. झाडाखाली भरणाऱ्या शाळेचा असा विचार तोवर कोणत्या लॅपटॉपने केला होता? आत मात्र 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी मेमरी आणि 1 जीबी साठवण एवढाच संसार. 'शुगर' या प्रणालीत नेहमीचे फोल्डर नव्हते. मुलाने केलेले सारे काम रोजनिशीसारखे क्रमाने नोंदले जाई. ते चाले मात्र संथ.

भारताची पहिली प्रतिक्रिया थंड होती. 2006 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, हा युक्तिवाद. त्या काळी अनेकांना तो कोता वाटला. प्रस्तुत लेखकाला तो आज बराच रास्त वाटतो.

आणि तरीही 2007 मध्ये हे यंत्र महाराष्ट्रात आले, तेही रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यावर. पहिली ते चौथी एकत्र भरणारी एकशिक्षकी शाळा, वीसेक मुले. योजनेच्या भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या, ही आपल्या वाड्यावस्त्यांची जुनीच अडचण. तिथे प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र आल्याने काय होईल, हे पाहण्यास याहून योग्य जागा नव्हती. पण अशा शाळेतला प्रयोग वीसेक मुलांपुरताच राहतो; त्यावरून देशाचे धोरण ठरत नाही.

मोठे उत्तर दक्षिण अमेरिकेतून मिळाले. उरुग्वेने 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला आणि सोबत इंटरनेट व दुरुस्तीची व्यवस्थाही उभारली. पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. बहुतेक ग्रामीण शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारी अपुरी होती. आंतर-अमेरिकी विकास बँकेने तेथील 319 शाळा अभ्यासल्या. 2012 च्या त्या अहवालानुसार गणित व भाषेत मुलांची लक्षणीय प्रगती दिसली नाही. हिरवा लॅपटॉप चालवायला मात्र ती उत्तम शिकली होती.