एनजीसी ४९९३
वासुकी तारकासमूहातील भिंगाकार दीर्घिका. अंतर सु. १३ कोटी प्रकाशवर्षे. विल्यम हर्शल यांनी १७८९ मध्ये तिचा शोध लावला. लांबून शांत भासणाऱ्या या दीर्घिकेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी अंधूक कवचे असून गाभ्याजवळ धुळीच्या सर्पिल रेषा आहेत. सु. ४० कोटी वर्षांपूर्वी तिने एक लहान दीर्घिका सामावून घेतली असावी. गुरुत्वाकर्षणाने विखुरलेले तारे केंद्राच्या आरपार झोके घेत राहिले व त्यांतून कवचे घडली, असे मानले जाते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी येथील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो व इटलीतील व्हर्गो वेधशाळांनी टिपल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोचले, सु. ११ तासांत चिलीतील स्वोप दुर्बिणीला नवा प्रकाशबिंदू दिसला. लायगोची दोन केंद्रे व व्हर्गो अशा तीन ठिकाणच्या नोंदींमुळे दिशा पक्की झाली, हे यातील खरे मर्म. म्हणूनच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाचे मोल मोठे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या वेधशाळेच्या दोन काटकोनी भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असतील, इतर वेधशाळांपासून ती दूर असल्याने अशा टकरींची जागा अधिक नेमकी सांगता येईल.